अपडेटसाठी एकशेबारा सह्या

काम अडलं की मी निवेदन देतो! बोरीवलीच्या आमच्या ‘पारिजात’ सोसायटीचा मी सात वर्षं सेक्रेटरी आहे. सोसायटीचं लेटरहेड, खाली भरपूर सह्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. एवढ्या भांडवलावर मी रस्त्यावरचे दिवे लावून घेतलेत, गटारावरचं झाकण बसवून घेतलंय. मग एक मोबाइल गेम काय चीज आहे?

गेमचं नाव ‘डबा ऐसपैस’. वय वर्षं अकरा. पडद्यावरच्या एका सोसायटीच्या आवारात एकावर राज्य, बाकीच्यांनी लपायचं आणि संधी साधून डबा उडवायचा. बस्स! चित्रं अशी की माणूस कोणता आणि पिंप कोणतं ते कळत नाही. पण या गेममध्ये मी सलग सहा वर्षं पहिल्या नंबरावर होतो. माझी जागा ठरलेली होती, गच्चीवरच्या टाकीमागे. बनवणाऱ्याची काहीतरी चूक राहिली होती आणि तिथे बसलेला माणूस कोणालाच दिसत नसे! हे गुपित मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. अर्थात नीलाने कधी विचारलंही नव्हतं.

शेवटचा अपडेट येऊन चार वर्षं झाली होती. तरी आम्हा छत्तीस खेळाडूंचा ग्रुप डोळे लावून बसलेला. घाटकोपरचा विकी दर गणपतीला लिहायचा, “बाप्पा येतोय, अपडेट पण येणार!” मुलुंडची सई दातांची डॉक्टर, पण दर सोमवारी न चुकता, “आज येईल असं वाटतंय.” कोणाला नवं आवार हवं होतं, कोणाला लपायला नव्या जागा.

आणि एक दिवस गेम उघडला तर पाटी! ‘पुरेसे खेळाडू नसल्याने या महिनाअखेर खेळ बंद होत आहे.’

माझा पहिला नंबर! सहा वर्षांची मेहनत!

“काहीतरी कर ना, मुकुलदादा!” सई फोनवर रडकुंडीला आली होती.

“घाबरतेस काय? निवेदन देऊ.”

‘सदर खेळातील सर्व त्रुटी तातडीने दूर करून अपडेट द्यावा,’ असं मी झकास लिहून काढलं. पण छत्तीस सह्यांना कोण विचारतो? म्हणून मागे कोरे कागद जोडले आणि गठ्ठा गेटवर ठेवला. वॉचमन खंडूमामांना सांगितलं, “येणाऱ्या-जाणाऱ्याची सही घ्या.” आमच्याकडे गेटवरचा कागद कोणी वाचत नाही. पाण्याचा असो की पूजेचा, आधी सही ठोकायची! दोन दिवसांत एकशेबारा सह्या जमल्या. मीही त्या न वाचताच फाइलला लावल्या.

गेमच्या तळाशी कांदिवलीचा पत्ता होता. रविवारी मी आणि सई तिथे पोचलो. दार एका आजींनी उघडलं. माझ्या हातातलं लेटरहेड पाहताच त्या कडाडल्या, “सोसायटीवाले ना? गळती आमच्या बाथरूममधून नाही! वरच्यांना जाऊन सांगा!”

“अहो आजी, आम्ही बोरीवलीहून आलोय.”

“बोरीवलीपर्यंत गेलं पाणी?”

तेवढ्यात आतून बर्म्युडा घातलेला एक पस्तिशीचा माणूस आला. आजींचा मुलगा, देवदत्त.

“गेमची कंपनी इथेच ना?” सईने विचारलं.

“मीच कंपनी,” तो ओशाळून म्हणाला. “नोकरी सांभाळून एकटाच करायचो. मग वाटलं, कोणाला पडलंय?”

मी ऐटीत निवेदन पुढे केलं. तो सह्या मोजू लागला.

“एकशेबारा? माझ्याकडे तर छत्तीसच खेळाडू दिसतात.”

सईने माझ्याकडे पाहिलं. मी खाकरलो. “बाकीचे इच्छुक आहेत.”

त्याने पान उलटलं आणि मोठ्याने वाचायला लागला. “‘लिफ्ट सारखी मध्येच अडकते.’ ‘बी विंगच्या जिन्यात काळोख असतो.’ ‘पार्किंगमध्ये कोणीही कुठेही गाडी लावतो.’”

वाट लागली! आमचं तक्रारींचं रजिस्टर गेटवरच असतं. लोकांनी सवयीने सहीशेजारी आपापली तक्रारही लिहिली होती! आता हा हाकलणार.

देवदत्तने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते.

“इतका बारीक विचार माझ्या गेमचा कोणी केला नव्हता हो!”

खरं सांगायला मी तोंड उघडलं. सईने माझा पाय जोरात दाबला.

“बंद नाही करत,” तो म्हणाला. “दोन महिने द्या फक्त.” आणि त्याने चक्क पोच दिली!

बाहेर पडल्यावर मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. पण एकशेबारा जणांचं खोटं मनाला खात होतं. ते खरं करायचा एकच उपाय होता. दारोदार फिरून मी सभासदांच्या फोनमध्ये गेम टाकून दिला. शहात्तर वर्षांचे नाना तर पहिल्याच दिवशी चार तास खेळले. शेवटी नीलाच्याही फोनमध्ये टाकला.

एका सोमवारी सई लिहायला विसरली आणि नेमका त्याच दिवशी अपडेट आला! लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकत होती, जिन्यात मिट्ट काळोख होता, पार्किंगमध्ये लपायला वाट्टेल तशा लावलेल्या गाड्या! एकशेअठ्ठेचाळीस खेळाडू तुटून पडले. “झकास यार!” विकी ग्रुपवर नाचत होता. राज्य नीलावर आलं. मी निवांत टाकीमागे जाऊन बसलो.

फडफड! फडफड! कबुतरांचा अख्खा थवा उडाला!

“मुकुल! टाकीमागे!” नीला स्वयंपाकघरातूनच ओरडली.

मी धावत जाऊन पोचेची प्रत काढली. सही क्रमांक एकशेबारा, सौ. नीला. शेजारी ठसठशीत अक्षरात, ‘गच्चीवर टाकीमागे कबुतरं फार झाली आहेत. सेक्रेटरी लक्ष देत नाहीत.’

सध्या नीला पहिल्या नंबरावर आहे आणि मी एकशेएकतिसाव्या. पुढच्या अपडेटमध्ये कबुतरं काढावीत, असं निवेदन मी तयार ठेवलंय. पंधरा दिवस ते गेटवर आहे. आता मात्र सगळे नीट वाचतात.

सही अजून एकच आहे. माझी!