घाई केली की स्फटिक बारीक

लग्न होऊन मी तंजावूरला आले, तेव्हा राजवाड्यामागच्या मराठी घरांच्या गल्लीत सगळ्यांनी मला एकच विचारलं, इथे करमतं का. शेजारच्या सुंदरराव मामांनी मात्र विचारलं, "तुझ्या माहेरच्या दगडांत पांढरे स्फटिक आहेत कां? मोठे कीं बारीक?"

माहेर संगमनेरजवळचं. मागच्या टेकडीच्या काळ्या दगडात बोटाएवढ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, असं मी सहज सांगितलं आणि फसले. मामा ओट्यावर बसलेच. "अय्यो! तूं कुठें जन्मलीस, ठाऊक आहे तुला?"

मामा भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तीस वर्षं मुलांना लाव्हा शिकवला, पण लाव्ह्याचा डोंगर स्वतः कधी पाहिला नव्हता. सरोजामामी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सोडून मामा एक दिवसही गावाबाहेर गेले नाहीत. मग हाताशी येईल तो दगड तपासायचे. एका लग्नात नवरदेव दारात खोळंबला, कारण मामा उंबऱ्याला भिंग लावून पालथे पडले होते. "ग्रॅनाइट! जमिनीखालीं निवांत थंड झालेला. घाई केली कीं स्फटिक बारीक!" हे वाक्य ते रिक्षावाल्याला तमिळमधून ऐकवत आणि मला मराठीतून.

पहिल्याच दिवाळीत सासूबाई अदिरसमसाठी, म्हणजे तिकडच्या अनारशांसाठी, गुळाचा पाक करत होत्या. मी विचारलं, "मामा, लाव्ह्यात एवढे मोठे स्फटिक येतात कुठून?" मामांनी बाजूला गार झालेल्या, खडे धरलेल्या पाकात कढत पाक ओतला.

"हा जुना रस. खालीं सावकाश थंड होत होता, त्यांत खडे वाढले. आतां नवा तापलेला रस आला. खड्यांच्या कडा विरघळल्या. पुन्हां थंड झाला कीं त्याच खड्यांवर नवा थर! खडे फार झाले तर रस दाट, लाव्हा रांगत जातो. कमी असले तर पळत सुटतो."

शास्त्र नीट कळलं. अदिरसम मात्र कुणाच्याच दाताला दाद देईनात.

"सुंदरराव," सासूबाई म्हणाल्या, "ज्वालामुखी उद्यांपासून तुमच्या घरीं!"

मामी गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. मुलगा चेन्नईला. या मे महिन्यात मी मामांना माहेरी घेऊन गेले. मामा पहाटे टेकडीवर चढले ते दुपार झाली तरी खाली येईनात. भाऊ बघायला गेला, तर मामा खडकावर गाल टेकून बसलेले आणि समोर दोन मेंढपाळ उकिडवे. "ही कड पाहा, खाल्लेली! नवा रस इथें आला!" मेंढपाळ माना डोलावत होते. मेंढ्या पार पलीकडच्या शेतात पोचल्या होत्या.

तीन वाजता मामा धुळीने माखलेल्या पायांनी थेट स्वयंपाकघरात आले. माझ्या आईचा पारा चढला.

"अहो, ही काय वेळ झाली जेवायची? पोळ्यांचं पार चामडं झालं! आणि ते पाय! आत्ताच पुसलीय फरशी!"

मी चपापले. पाहुण्यावर, तेही वयाने एवढ्या मोठ्या माणसावर ओरडणं! मामा तिथेच उभे राहिले. मग त्यांनी भिंग पुसायला काढलं आणि डोळे पुसले.

"काय झालं हो?" आई घाबरली. "मी आपली सवयीनं बोलले."

"नाहीं, नाहीं. घरीं आतां सगळेंच तमिळमध्यें," मामा म्हणाले. "सून फोनवर गोड बोलते, स्वयंपाकीण गोड बोलते. सरोजा गेल्यापासून मला मराठींत कोणी रागें भरलें नाहीं." मग ते संकोचून म्हणाले, "दोन दिवस जास्त राहिलों तर चालेल कां?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"राहा की. पण आधी ते पाय धुवा म्हणते ना! किती वेळा सांगायचं माणसाला?"

मामा हसत हसत मोरीकडे निघाले, अगदी सावकाश, तिचं बोलणं पुरं होईपर्यंत.