आजोबांची आंघोळ

“आजोबांना फार खाज सुटलीय हो,” सासूबाई फोनवर हळू आवाजात म्हणाल्या. “सकाळपासून सोफ्याला पाठ घासतायत. मानेखाली वासही येतोय.”

औषधांच्या दुकानातला माणूस अदबीनं म्हणाला, “आजोबांचं वय काय?”

“तीन.”

“तीन?” पलीकडचा आवाज चढला. तेवढ्यात न्हाणीघराचं दार वाजलं. सून बाहेर येतेय असं पाहून सासूबाईंनी फोन ठेवून दिला आणि उगाचच उशीची खोळ सारखी करायला घेतली.

आजोबा म्हणजे घरातला कुत्रा. शार-पेई जातीचा. या जातीच्या कुत्र्याच्या अंगावर दोन कुत्र्यांना पुरेल एवढं कातडं असतं आणि ते सगळं घड्या घालून ठेवलेलं असतं. मुलानं पिल्लू घरी आणलं तेव्हा त्याचा सुरकुतलेला, त्रासलेला चेहरा बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, “अरे, हे तर जन्मालाच आजोबा होऊन आलंय.” तेच नाव पडलं. नाव आजोबा म्हटल्यावर एकेरी कोण बोलणार? ‘आजोबा जेवले का’, ‘आजोबा रुसलेत वाटतं’ असं सुरू झालं, आणि जिन्यातल्या नवीन शेजाऱ्यांनी तर एकदा आजोबांच्या तब्येतीची चौकशी करायला फळं आणली होती.

हे सगळं मुलगा घरात होता तेव्हाचं. मागच्या हिवाळ्यात तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. “मला जरा वेळ हवाय,” एवढंच म्हणाला. तो वेळ त्याला कुणाबरोबर घालवायचा होता ते मागाहून कळलं. मागे राहिल्या आई, बायको आणि आजोबा. सून चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, संध्याकाळी घरी यायची, आणि मग दोघी जेवायला समोरासमोर बसायच्या. मुलाचा विषय निघत नसे. तो निघू नये म्हणून दोघी आजोबांबद्दल बोलत. आजोबा नसते तर त्या जेवणात नुसता चमच्यांचा आवाज झाला असता.

त्यामुळे आजोबा खाजवायला लागले तशी दोघींच्या तोंडचं पाणी पळालं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घड्या उलगडून पाहिल्या. आतली कातडी लाल झाली होती. “या जातीचं कातडं नाजूक,” त्या म्हणाल्या. “औषधी शाम्पूनं आठवड्यातून एकदा आंघोळ. मग घडी न् घडी कोरडी करायची. ओल राहिली की संपलं. कानात थेंब घालायचे. तेल नाही, पावडर नाही, जास्तीचं काही नाही.”

“रविवारी मी घालीन आंघोळ,” सून लगेच म्हणाली. “आई, तुम्ही वाकू नका. तुमची कंबर आधीच धरलेली असते.”

तिनं ते मायेनंच म्हटलं होतं. पण सासूबाईंच्या मनात ते वेगळंच जाऊन बसलं. घर सुनेचं, कमाई सुनेची, आणि ज्याच्यामुळे आपण या घरात होतो तो तर निघून गेलेला. आपण इथे कोण? निदान कुत्र्याची आंघोळ तरी आपल्याकडे असावी. म्हणून सून कामाला गेल्यावर त्यांनी एका दुपारी गुपचूप आजोबांना न्हाऊ घातलं. कातडं कोरडं वाटलं म्हणून घड्यांमधून थोडं तेलही फिरवलं. तेल काही शाम्पू नव्हे, तेवढ्यानं काय होतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आजोबा जास्तच खाजवायला लागले. सासूबाईंना वाटलं, आंघोळ कमी पडतेय. त्यांनी ती वाढवली.

घरात काहीतरी विचित्र चाललंय हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. आजोबा सकाळी उठल्यावरच ओलसर लागायचे. न्हाणीघराकडे कुणी नुसतं पाहिलं तरी ते पलंगाखाली शिरून बसायचे. तेल लावलेल्या घड्यांमध्ये दुसऱ्या दिवशी पांढरं काहीतरी दिसायचं. पण सासूबाईंना स्वतःचं गुपित सांभाळता सांभाळताच नाकी नऊ आले होते. दुसऱ्याचं कुठून दिसणार?

शेवटी पाठीवरचे केस झडून आजोबा ठिकठिकाणी उघडे पडले, तेव्हा दोघी त्यांना टॅक्सीत घालून पुन्हा दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मानेखालच्या घडीत कापूस घातला आणि बाहेर काढून उजेडात धरला.

“हे काय आहे?”

दोघी वाकून कापसाकडे बघू लागल्या.

“लुकण आहे हे. खिडकीच्या काचा बसवतात ना, ते. तेलात पावडर कालवली की असं होतं. तेल कुणी लावलं?”

“मी,” सासूबाई पुटपुटल्या.

“आणि पावडर?”

“मी,” सून म्हणाली.

“आंघोळ किती वेळा?”

“एकदा,” दोघी एका सुरात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “एक बाटली सहज दोन महिने पुरते. तुम्ही एक नेलीत, मग यांनी येऊन एक नेली, मग परत तुम्ही. मला वाटलं, घरात तीन कुत्री आहेत.”

मग सगळं बाहेर आलं. सून भल्या पहाटे, सासूबाई झोपेत असताना, आंघोळ घालत होती. वर घड्या कोरड्या राहाव्यात म्हणून पावडर भरत होती.

“पण का गं?” सासूबाईंनी विचारलं.

सून टेबलाच्या पत्र्याकडे बघत राहिली. “रविवारच्या आंघोळीनं खाज थांबेना. तुम्हाला वाटू नये, की त्याच्या कुत्र्याकडे मी बघत नाही म्हणून. तुम्ही तुमच्या भावाकडे निघून गेला असतात तर?”

सासूबाईंच्या आता ध्यानात आलं. ही आपल्याला धरून ठेवायला कुत्रा धुतेय, आणि आपण हिच्या घरात टिकून राहायला धुतोय. मधल्यामध्ये त्या मुक्या जिवाची सालं निघाली.

“तुमचं दोघींचं काय असेल ते एकमेकींशी बोला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्याच्या कातड्यावर काढू नका.”

त्या दिवसापासून काम वाटलं गेलं. रविवारी दोघी मिळून आंघोळ घालायच्या; एकीनं घडी उलगडायची, दुसरीनं मऊ फडक्यानं टिपायची. घड्या पुष्कळ, त्यामुळे वेळ पुष्कळ लागायचा, आणि दोघींचे हात अडकलेले असल्यामुळे उठून जाता यायचं नाही. मग बोलणं होई. एकदा सुनेनं स्वतःहून मुलाचा विषय काढला, आणि त्याला नावं ठेवायला दोघींना आजोबांची मान संपेपर्यंत वेळ मिळाला. हळूहळू लाली उतरली. पाठीवर नवे केस आले, आखूड आणि राठ.

आणि मुलाचा फोन आला. “आई, रविवारी येतोय. आजोबांना घेऊन जाईन म्हणतो. तो माझाच आहे ना तसा.”

सासूबाईंनी ते सुनेला जसंच्या तसं सांगितलं. पण रविवारी सकाळी दार लोटून त्यांनी आपले चार कपडे, गोळ्या आणि जास्तीचा चष्मा एका बॅगेत भरला. सुनेवर त्यांची माया नव्हती असं नाही. पण पोटचा पोर कुत्र्याला न्यायला येतोय. त्याला कुत्रा एकट्यानं जमायचा नाही. तो म्हणेल, आई, तूही चल. एवढा सरळ हिशोब होता. बॅग त्यांनी कपाटाआड ठेवली.

मुलगा आला. अंगानं भरला होता. आजोबा त्याला हुंगून त्याच्या बुटांवर पडून राहिले, तेव्हा सून स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन बऱ्याच वेळानं आली.

“आजोबांचं कातडं नाजूक आहे,” ती म्हणाली. “रोज सगळ्या घड्या पुसाव्या लागतात.”

“रोज?” मुलानं विचारलं.

“सकाळ-संध्याकाळ,” सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी असं काही सांगितलं नव्हतं.

सुनेनं त्यांच्याकडे चमकून पाहिलं. मग म्हणाली, “आणि प्रत्येक घडीला वेगळं फडकं.”

“उकळून घेतलेलं,” सासूबाईंनी जोडलं. “कानात थेंब घातले की मान धरून बसायचं. सोडलं की थेंब भिंतीवर.”

“गालिचा चालत नाही. पडदे चालत नाहीत.”

“अत्तर तर घरात कुणीच लावायचं नाही. लगेच फोड येतात. रात्री कुणालातरी जवळ निजावं लागतं, नाहीतर खाजवून रक्त काढतात. सारखं कुणीतरी घरी लागतं बघ. अनुभवी माणूस.”

एवढं बोलून सासूबाई थांबल्या आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं.

मुलगा आजोबांकडे बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “मग राहू दे,” तो म्हणाला. “आमच्याकडे दोघंही दिवसभर बाहेर. त्याचे हाल होतील. इथे तुमच्या हाताची सवय झालीय त्याला.”

जाताना दारात त्यानं आईच्या पाया पडून तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझी मला अजिबात काळजी नाही बघ, आई. तू इथे आहेस ते बरंय.”

जिन्यातून पावलं उतरत गेली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सुनेनं दार लावलं आणि ती सरळ सासूबाईंच्या गळ्यातच पडली. हसत होती, रडतही होती. “आई, काय साथ दिलीत. अत्तर काय, उकळलेलं फडकं काय. मला एकटीला नसतं जमलं. आजोबांना नेलं असतं, तर तुम्हीही गेला असतात त्यांच्यामागे, म्हणून मी रात्रभर जागी होते.”

सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सगळं खोटं दोघींनी मिळून रचलं होतं. सुनेनं कुत्रा जाऊ नये म्हणून, आणि सासूबाईंनी, मुलानं आपल्यालाही न्यावं म्हणून. हे सांगायचं कसं? न सांगितलेलंच बरं, असं ठरवून त्या बाजूला झाल्या.

“कानाचं औषध कुठे दिसत नाही,” सून खिडकीपाशी शोधत म्हणाली.

“आणते,” असं म्हणून सासूबाई आपल्या खोलीत गेल्या. कपाटाआडची बॅग ओढून त्यांनी चेन उघडली. औषध तळाशी होतं; आजोबांबरोबर जायचं म्हणून त्यांनी तेच सगळ्यांत आधी भरलं होतं. कपडे बाहेर काढल्याशिवाय ते हाताला लागेना. गोळ्या निघाल्या, चष्मा निघाला.

मागे चाहूल लागली. सून दारात उभी होती. तिनं बॅग पाहिली, कपाटातला रिकामा कप्पा पाहिला, आणि तिचं हसू थांबलं.

मग ती आत आली, सासूबाईंशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं त्यांच्या हातातले कपडे काढून घेतले.

“वरचा कप्पा मी लावते,” ती म्हणाली. “तुमचा हात पोचत नाही. तुम्ही जाऊन आजोबांची मान धरा.”