मापाचा तंबू

तंबू विकत आणायचं ठरलं तेव्हा मास्तर जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. "विकत?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात दुसरा एखादा गृहस्थ "चोरीचा?" असं विचारेल. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. उभी हयात शिलाई मशीनपुढे गेलेली, घरात विकतचा रुमालसुद्धा कधी आलेला नाही, आणि आता बायको नि मेहुणा मिळून चक्क तयार तंबू आणायच्या गोष्टी करत होते. तंबू म्हणजे तरी काय, बाह्या नसलेला कोट. तो आपण स्वतः शिवणार, असं जाहीर करून मास्तरांनी घास तोंडात घातला आणि विषय संपवला.

सहल खरी बायकोची होती. तिला अस्वल बघायचं होतं. टीव्हीवर तिनं ढिगानं अस्वलं पाहिली होती. मासे पकडणारी, मध खाणारी, पिल्लांना धपाटे घालणारी. पण आपल्यापुढे, आपल्या डोळ्यांनी, मधे काच नसताना एकदा अस्वल बघायचं, एवढी एकच हौस तिनं लग्नानंतर बोलून दाखवली होती. मास्तरांनी नाही कधीच म्हटलं नाही. ते फक्त गिऱ्हाइकांना सांगायचे तेच तिला सांगत आले, "पुढच्या आठवड्यात नक्की." त्यामुळे तिची सहल अर्धवट शिवलेल्या कपड्यासारखी वर्षानुवर्षं खुंटीला लटकत होती. शेवटी तिच्या धाकट्या भावानं नवी गाडी घेतली आणि तोच म्हणाला, "ताई, चल, मी दाखवतो अस्वल."

या मेहुण्याचं दुकान मास्तरांच्याच रस्त्यावर, समोर. रेडिमेड कपड्यांचं. यावरून दोघांचे संबंध कसे असतील ते सांगायला नको.

घाटाचा रस्ता सुरू झाला तसा मेहुण्याच्या तोंडाचा पट्टाही सुरू झाला. गळ्यात ही मोठी दुर्बीण, डोक्यावर दोरीची टोपी, आणि अस्वलांबद्दल त्याला सगळं ठाऊक. अस्वल कधी उठतं, कधी निजतं, माणसाचा वास त्याला कितीवरून येतो, काही विचारा. प्रत्येक वळणावर तो करकचून ब्रेक मारायचा आणि कुजबुजायचा, "ताई, तो बघ." पहिल्यांदा ते जळकं खोड निघालं. मग एक पाण्याची टाकी निघाली. तिसऱ्यांदा रस्त्याच्या कामावर ओणवा झालेला काळ्या जर्किनातला माणूस निघाला, आणि तो उलट या तिघांकडेच जनावरं बघितल्यासारखा बघत राहिला. त्याचं जर्किन पाठीत फुगतंय, खांदे उतरवायला हवे होते, एवढं मास्तरांनी सांगितलं. बायको मात्र दर वेळी सगळ्यांत आधी उतरायची आणि सगळ्यांत शेवटी गाडीत बसायची.

दुपारी तिघं डोंगर चढून गेले. वाटेत मेहुण्यानं काडीनं शेण उकरून "ताजं आहे, जवळच असणार," असा निर्वाळा दिला, आणि पुढच्या वळणावर ते शेण ज्याचं होतं ते खेचर भेटलं. मास्तरांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. उतरताना बायको दर चार पावलांनी मागे वळून बघत होती. उद्या दुपारी परत निघायचं होतं. दुकानात लग्नाचे कपडे पडून होते, आणि खुंटीला लटकलेली ही सहल पुन्हा कधी खाली उतरेल याचा भरवसा मास्तरांना स्वतःलाही नव्हता.

तंबू टाकायची जागा ओढ्याकाठी होती. तिथल्या वनरक्षकानं बजावलं की खाण्याचं सगळं गाडीत बंद करून ठेवा, कधीमधी अस्वल इकडून जातं, आलंच तर जवळ जाऊ नका, गप आत बसून राहा. मेहुण्यानं आपला तंबू पिशवीतून काढून भिरकावला, तर तो हवेतच उघडून उभा राहिला. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी आपला तंबू उभा केला. जाड कापड, आतून दुहेरी अस्तर, कडेनं पायपिंग, कोपऱ्यांवर दुहेरी शिलाई. एक सुरकुती नाही. मेहुण्यानं भोवती दोन चकरा मारल्या, पण नाव ठेवायला जागा सापडली नाही, आणि तो नाइलाजानं चहा करायला गेला.

झोपायच्या वेळी ती जागा सापडली. बायको आत शिरली, मागून मास्तर शिरले, आणि चेन लावायला बायकोनं हात नेला तर आतून चेन ओढायला काही हाताला लागेना.

"अहो, हिचं टोक कुठाय?"

"बाहेर," मास्तर म्हणाले. "चेनचं टोक बाहेरच असतं. पँटचं आत असतं का?"

आता यात मास्तरांची चूक तरी कशी म्हणावी? जन्मभर त्यांनी ज्याला ज्याला चेन लावली, त्यात माणूस आत आणि चेन बाहेर. हात मात्र कपड्याच्या बाहेर असतात आणि तंबूच्या आत राहतात, हा बारीकसा फरक कापड बेतताना त्यांच्या ध्यानात आला नव्हता. आत्ता आला, पण मेहुण्यासमोर तो कबूल करण्यापेक्षा त्यांनी आत कोंडून घेणं पसंत केलं. मेहुण्यानं बाहेरून चेन लावली. हसला असणार, पण अस्तर जाड असल्यामुळे ऐकू आलं नाही.

सकाळी बायकोला जाग आली ती आवाजानं. कुणीतरी तंबूभोवती फिरत होतं. मोठमोठ्यानं हुंगत होतं, दगड उलटे करत होतं, आणि मधूनच कंटाळलेल्या म्हाताऱ्यासारखं हुंकारत होतं. भावाचा आवाज तिच्या ओळखीचा होता. हा त्याचा नव्हता. तो पहाटेच दुर्बीण घेऊन, यांची झोपमोड नको म्हणून पाय न वाजवता, डोंगरावर अस्वल शोधायला गेला होता.

"अहो," तिनं मास्तरांचा खांदा धरला. "आलंय."

मास्तरांनी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. बायकोचं मात्र दुसरंच चाललं होतं. तिनं कापडाला नाक लावलं, जमिनीशी डोळा नेला, चारी कोपरे चाचपले. कुठे फट म्हणून नाही. मास्तरांचं काम ते. अस्तर इतकं उत्तम लागलं होतं की अस्वलाची सावलीसुद्धा आत येत नव्हती. हातभर अंतरावर तिच्या जन्माची हौस धापा टाकत उभी होती आणि तिला पुढे नुसतं राखाडी कापड दिसत होतं. खिडकी का नाही ठेवलीत, असं तिनं कुजबुजत विचारलं. कपड्याला कधी खिडकी असते का, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

"कात्री काढा," बायको म्हणाली.

मास्तरांच्या खिशात छोटी कात्री असायचीच. बाकीचे लोक किल्ल्या बाळगतात तशी. पण त्यांनी खिसा घट्ट धरला. शिवून तयार झालेल्या कपड्याला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नेम होता. त्यांनी आयुष्यात कुणाची शिवण उसवून दिली असेल, कापून नाही.

"सबंध तंबू फाडायला सांगत नाहीये मी," ती म्हणाली. "डोळ्यापुरतं. तुमच्याकडे मी कधी काही लवकर मागितलं नाही. हे मात्र आत्ताच हवंय. पुढच्या आठवड्यात ते इथे नसणार."

मास्तरांनी कात्री काढली. दुसऱ्या खिशातून खडू काढला, तिच्या डोळ्याची उंची बोटांनी मोजली आणि कापडावर सरळ रेघ ओढायला घेतली. बाहेरचा आवाज दूर चालला होता. "रेघ नको, कापा," ती पुटपुटली. पण खूण केल्याशिवाय कापायला हात वळेना. रेघ पुरी झाली, मगच कात्री चालली. झकास काज पडलं. ओव्हरकोटाला शोभेल असं.

बायकोनं त्याला डोळा लावला.

"बसलंय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "माणसासारखं बसलंय हो. दादाच्या तंबूवर."

धाकटा असला तरी भावाला ती लाडानं दादा म्हणायची. त्याचा तयार तंबू पार सपाट झाला होता आणि त्यावर ते काळंभोर धूड पाय पसरून, ओला पंजा चाटत, ओढ्याकडे बघत बसलं होतं. बायको बघत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही तिनं पुसलं नाही, कारण पुसायला डोळा काढावा लागला असता. मग तिनं न वळताच मागे हात करून मास्तरांची बाही ओढली. "तुम्ही पण बघा ना."

"तू सरक मग."

"मी नाही सरकणार."

मास्तरांनी क्षणभर कापडाकडे पाहिलं, आणि शेजारीच दुसरं काज कापलं. खडू नाही, माप नाही, दातओठ खात सरळ कात्री घातली. ते त्यांच्या हातचं पहिलं वाकडं काज असेल. त्या दोन काजांतून दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून, गालाला गाल लागेल इतकं जवळून, अस्वल ओढा ओलांडून झाडीत जाईपर्यंत पाहिलं.

बऱ्याच वेळानं चेन उघडली. दारात मेहुणा उभा, घामाघूम. "ताई, वाईट वाटून घेऊ नकोस," त्यानं सुरू केलं. पार माथ्यापर्यंत जाऊन आलो, दुर्बिणीनं सगळी बाजू पिंजून काढली, या डोंगरात अस्वल नाहीच, आणि अस्वल बघायचं तर माणसाला चिकाटीनं बाहेर हिंडावं लागतं, असं बरंच काही तो बोलला. मग त्याला आपला तंबू दिसला. त्यानं तंबूकडे पाहिलं, त्यावरच्या पंज्याच्या ओल्या ठशाकडे पाहिलं, आणि मग बहिणीच्या लालबुंद, हसऱ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"कुठून बघितलंस तू?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

बायकोनं त्याला तंबूची दोन काजं दाखवली. मास्तर उगाचच दुसऱ्या काजापुढे उभे राहिले. ते वाकडं होतं.

"पुढच्या वेळी तू पण तंबू यांच्याकडूनच शिवून घे," ती म्हणाली. "आणि चेनचं टोक बाहेरच ठेवायला सांग. नाहीतर तू आत राहायचा नाहीस."