दळवीकाकांची उपाशीपोटी जिलबी

आमचे दळवीकाका खिशात पेन ठेवत नाहीत, वजनकाटा ठेवतात. सोनाराकडे असतो तसला, छोटा, सेलवर चालणारा. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बारसं असो की पूजा, काका ताटावर बसल्या बसल्या काटा काढणार, पुरी तोलणार आणि अर्धी मोडून परत देणार. वजनमाप खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांना धाकात ठेवण्यात गेला. रिटायर झाल्यावर स्वतःच्या पोटावरच धाड घातली.

डायबेटिस निघाला त्याला सहा वर्षं झाली. काकू त्याच्या आधीच गेल्या होत्या. मुलगा नीलेश कॅनडात. काका एकटेच दीडशे ग्रॅम भाजी शिजवतात, एक भाकरी थापतात, चाळीस मिनिटं चालतात. एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो, मला बीपी आहे, आणि पापडाशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. त्यामुळे नेमकी जेवायच्या वेळी बेल वाजते.

"पापड किती?"

"एकच, काका."

मग ते पोळीखाली दडवलेले दोन शोधून काढतात. "पोट म्हणजे गोडाऊन नव्हे रे!"

आता सांगा, हा माणूस एका रविवारी सकाळी फाफड्याच्या गाडीवर जिलब्या हाणताना दिसला तर मला किती आनंद व्हावा? चार जिलब्या! न तोलता! आणि अर्ध्या तासात लॅबची मुलगी त्यांचं रक्त न्यायला येणार होती, उपाशीपोटीच्या शुगरसाठी. आम्ही बाकीचे टेस्टच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस पिऊन संत होतो, आणि हे!

"काका, रिपोर्टची वाट लागली ना!"

"लागू दे," बोटाचा पाक पुसत म्हणाले. "तू काही पाहिलं नाहीस."

रिपोर्ट भयंकर आला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. काका पडले शिस्तीचे, गोळी वाढीव आणि भाकरी तोललेली. आठवड्याच्या आत जिन्यातच मटकन बसले. घामाने डबडबलेले, हात थरथरतायत, शुगर पार तळाला. मी धावत जाऊन साखर आणली आणि मूठभर तोंडात कोंबली.

"किती ग्रॅम?" पुटपुटले. हद्द झाली!

डॉक्टरांनी मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट केली. ती एकदम झकास! डॉक्टर चक्रावले. "रोज पथ्य मोडून टेस्टपुरते शहाणे होणारे पुष्कळ बघतो. तुमचं उलटंच! आणि जिन्यात कोणी नसतं तर?"

परत येताना रिक्षात मी त्यांना फैलावर घेतलं. "जीव गेला असता ना काका! कशासाठी हे?"

काकांनी खिशातून मोबाइल काढून हातात धरला.

"रिपोर्ट थेट नीलेशच्या मोबाइलवर जातो. चांगला आला की तो अंगठा पाठवतो. तो पिवळा. वाईट आला की फोन करतो. अर्धा तास ओरडतो, 'बाबा, तुम्हाला कळतं का काही!' मग आठ-दहा दिवस रोज फोन. बरं वाटतं रे."

मला हसू यायला हवं होतं. पण फार वाईट वाटलं. नीलेशला मी सांगतो म्हटलं तर त्यांनी माझा हात धरला.

"नको. सांगून आलेला फोन नको."

जिलबी बंद, अशी मी त्यांच्याकडून शपथ घेतली. पुढची टेस्ट त्यांनी खरोखर उपाशीपोटी दिली. रिपोर्ट नॉर्मल आला.

त्या दुपारी बेल वाजली. काका आत येऊन बसले, मोबाइल टेबलावर ठेवला. स्क्रीनवर पिवळा अंगठा होता. माझ्या ताटात उघड्यावर तीन पापड होते, पण त्यांनी काटा काढला नाही. नुसते पापडांकडे बघत राहिले.

"तुला बीपी आहे ना रे?" हळूच म्हणाले. "ते वाढायला किती पापड लागतात?"