सासूबाईंचं स्टार्ट बटण

बंगळुरात पीण्या भागातल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर रुसला की लोक देवाच्या आधी मला हाक मारतात. त्यामुळे रविवारी चामराजपेटला जाऊन सासूबाईंचा कॉम्प्युटर अपग्रेड केला, तेव्हा माझी विद्या फुकट चालली याचंच मला वाईट वाटत होतं!

सोमवारी त्यांचा फोन. सासूबाई, म्हणजे कस्तुराबाई, घरबसल्या लग्नपत्रिका करतात. माझ्या मेहुणीची, देवश्रीची पत्रिका संध्याकाळी प्रेसला जायची होती, आणि इकडे स्टार्टचं बटण कोपरा सोडून पाटावरच्या नवरदेवासारखं मधोमध येऊन बसलेलं! पडद्यावरचा पोपट उडालेला. कोणीतरी चूल न्हाणीघरात नेऊन मांडलीय, असं त्यांचं म्हणणं.

"जावईबापू, मला माझं जुनंच पाहिजे. सरी करून द्या."

सरी म्हणजे नीट. फोनवरूनच करून देतो, म्हटलं. बटण डावीकडे आणवलं आणि मला चेव चढला. सासरचे लोक मराठीत कन्नड मिसळतात, मग आपणही दाखवावं की! 'दार उघड'ला 'तेगी' म्हणतात, मोठ्यांना 'तेगीरी', एवढं मला पाठ होतं.

"आता 'पत्रिका' नावाचं फोल्डर तेगीरी."

"पक्कं?"

"पक्कं. बिनधास्त तेगीरी."

पलीकडे माउसची टकटक. मग, "झालं."

"आत काय दिसतंय?"

"काढून टाकल्यावर आत काय दिसणार?"

कन्नडात 'तेगी' म्हणजे उघड. आणि काढून टाक. दोन्ही! हे मला बंगळुरातल्या एकाही रिक्षावाल्याने सांगितलं नव्हतं. रीसायकल बिनमधून परत आणू म्हटलं, तर त्यांनी तीही झटकून रिकामी केलेली. भरलेला कचरा घरात ठेवत नाहीत म्हणे.

अपग्रेडच्या आधी बॅकअप घ्या, असं मी कारखान्यात सगळ्यांना ओरडून सांगतो. स्वतः घेतला नव्हता. पण बायकोच्या, संयोगिताच्या कपाटात सासूबाईंच्या कॉम्प्युटरचा बॅकअप असलेली एक जुनी हार्ड डिस्क सापडली. ती पोटाशी धरून, तान्हं बाळ असल्यासारखी, मी चामराजपेट गाठलं.

आणि सगळं परत आलं! बटण कोपऱ्यात, चित्रं जागच्या जागी, पोपट फांदीवर. देवश्रीची पत्रिकासुद्धा, गणपतीसकट. सासूबाईंनी पडद्याला हात लावून नमस्कार केला. मुहूर्ताची तारीख तेवढी जुनी दिसली. माझी नजर घारीची, ती मी स्वतः बदलली. पत्रिका वेळेत प्रेसला गेली आणि संयोगिताने लगोलग व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवली. मला दोनदा पायसम वाढण्यात आलं.

ती हार्ड डिस्क गेल्या वर्षीची होती. गेल्या वर्षी देवश्रीचं प्रणीतशी ठरलं होतं. नंतर मोडलं. आताच्या नवऱ्या मुलाचं नाव हयवदन. पत्रिकेत प्रणीत आहे.

पत्रिका प्रणीतलाही गेली. त्याने कळवलंय, मुहूर्ताला वेळेवर पोहोचतो.