ट्राउडीसाठी जागा करा

वेन्डेलिन श्टोअरने एकदा मनावर घेतलं की त्याला अडवण्यात अर्थ नसतो, हे रोस्विटाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. या खेपेला त्याने गावचा मे-खांब मनावर घेतला होता. दर वर्षी एक मे रोजी गावकरी तो अवाढव्य खांब चौकात काठ्यांच्या जोरावर उभा करत, आणि वेन्डेलिनची थोरली बहीण ट्राउडी पुढे उभी राहून कोण अंगचोरपणा करतंय ते मोठ्याने सांगत असे. यंदा ती कंबर मोडून दूरच्या वृद्धाश्रमात पडून होती. खांब उभा राहताना तुला दाखवीनच, असा शब्द भावाने दिला होता.

"मग व्हिडिओ कॉल कर की," रोस्विटा म्हणाली.

"आणि माझी बहीण त्या बड्या कंपन्यांच्या हवाली करू?"

त्याचा जीव जडला होता तो मालक नसलेल्या सोशल नेटवर्कवर. हौशी लोकांनी आपापले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ते उभं केलं होतं. त्यातला एक वेन्डेलिनच्या तळघरात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी घरघरत असे. थेट प्रक्षेपण तिथूनच होणार होतं. पाहणाऱ्यांचा फक्त आकडा दिसणार, नावं नाहीत. कोण काय पाहतं याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तो छाती फुगवून सांगे. ट्राउडीला त्याने फोनवर पढवून ठेवलं होतं, की आश्रमाच्या टॅबवर चित्र दिसलं की खाली फक्त 'आले' असं लिही.

एक मे उजाडला. बॅण्ड सुरू झाला, खांब हलला, आकडा वाढू लागला. 'आले' मात्र येईना. तिला फोन केला, तर तो बंद. त्यातच चित्र अडखळू लागलं. घरच्या लाइनवर एवढी माणसं मावणार कशी? परक्यांनी दार अडवलंय आणि बहीण बाहेर ताटकळतेय, अशी वेन्डेलिनची खात्रीच झाली.

त्याने लिहिलं, 'एका वृद्ध बाईंना आत यायचं आहे. कृपया जागा करा.' नाव, गाव, नातं काही लिहिलं नाही. जगजाहीर करायची ती गोष्ट नव्हे, हा त्याचा बाणा.

नेटवर्कवरची माणसं हळवी. ज्याने वाचलं त्याने गहिवरून ते पुढे धाडलं, आणि ज्याला मिळालं तो बाईंचं काय झालं ते पाहायला आत शिरला. आकडा चौपट झाला! वेन्डेलिनने घाईघाईने मजकूर पुसला, पण तोवर त्याच्या प्रती कुठल्या कुठल्या देशांतल्या तळघरांत जाऊन बसल्या होत्या. इथे कुणाचीच कुणावर सत्ता चालत नाही, हे त्यानेच रोस्विटाला हिवाळाभर अभिमानाने ऐकवलं होतं. ब्राझीलमधून एकाने आजी पोचल्या का म्हणून विचारलं. ते विचारायला तोही आतच बसला होता.

खांब निम्मा वर आला होता. रोस्विटा काकुळतीला येऊन म्हणाली, "अरे, अजून तरी आश्रमाच्या ऑफिसात साधा फोन लाव."

पण वेन्डेलिन इरेला पेटला होता. त्याने पुन्हा लिहिलं, 'मोडक्या कंबरेची एक बाई केव्हाची खोळंबली आहे. काळजात थोडी जरी माया असेल तर आत्ता बाहेर पडा. आणि हे कुणालाही पाठवू नका.'

या वेळी माणसांनी खरोखरच ऐकलं. आकडा उतरत उतरत एकावर येऊन थांबला. चित्र स्वच्छ झालं, खांब ताठ उभा राहिला, चौकात एकच जल्लोष झाला. त्या एकच्या आकड्याकडे बोट दाखवताना वेन्डेलिनचे डोळे भरून आले. "बघ, पोचली माझी ट्राउडी," तो म्हणाला.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"काय सुरेख दिसत होतं रे! 'आले' नाही लिहिलं. बॅण्ड वाजत असताना मध्येच कोण बोलतं? फोनसुद्धा बंद ठेवला होता मी."

"आणि खांब उभा राहिला तेव्हा?"

"ते राहिलं बघायचं. माझ्यासारखीच कुणी मोडक्या कंबरेची बिचारी खोळंबली होती ना? वाचून कसंसंच झालं मला. म्हटलं, आपण पुष्कळ वर्षं पाहिलाय. सगळ्यांच्या आधी मीच बंद केलं. मिळालं ना तिला बघायला?"

वेन्डेलिनने रोस्विटाकडे पाहिलं. ती बटाटे सोलत होती.

"हो," तो म्हणाला. "तिने तुझे आभार मानलेत."