किसननानांचा लोड

आमच्या शेजारच्या किसननानांना "काय नाना, बरं आहे ना?" असं कधी विचारू नये. बरं किंवा वाईट अशी उत्तरं त्यांच्याकडे नसतातच. "आज फुल लोडला हाय गुर्जी," नाहीतर "आज नो-लोड," यातलंच काहीतरी मिळतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थाला काहीतरी होतंय. मग कळलं की नाना चाळीस वर्षं राहुरीत मोटारी भरतात. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या, पाण्याच्या. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. त्यामुळे माणसंही त्यांना मोटारींसारखीच दिसतात.

माझी बायको त्यांच्या मते साडेसात एचपीची. मला त्यांनी अर्धा एचपी दिलाय, आणि तोही "शाळंत हुता तवाचा. रिटायर झाल्यापास्नं कमीच भरंल." शेजारधर्म म्हणून मी ऐकून घेतो झालं.

लोक खिशात पेन ठेवतात, नाना टाँग टेस्टर ठेवतात. तारेला चिमट्यासारखा धरला की आतून किती करंट जातोय ते सांगणारं यंत्र. त्याच्या वजनानं त्यांच्या प्रत्येक सदऱ्याचा खिसा उसवलेला असतो. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात पंगत बसायच्या आधी हे महाशय मंडपाच्या वायरीला चिमटा लावून उभे. "आदी लोड सांगा, मंग बत्त्या लावा!" आमचे व्याही बिचारे पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, वीजचोरी पकडायला कोणी आलंय.

घरात नाना आणि त्यांची मुलगी पल्लवी, दोघंच. वहिनी जाऊन बारा वर्षं झाली. पल्लवी तेव्हा शाळेत होती आणि तिच्या वेण्या नानाच घालायचे. तार ओढायची सवय असलेला हात तो! पोरगी दिवसभर भुवया वर चढवून वर्गात बसायची. मला वाटायचं, ही माझ्या शिकवण्याचं आश्चर्य करतेय.

पल्लवी मोठी झाली, बी.एस्सी. झाली, आणि घरीच बसून कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला शिकली. कॉम्प्युटर नानांनी आणलेला. "सुटे पार्ट आणून जुळवू," असं ती म्हणत होती, पण नानांनी नगरहून कंपनीचा तयार, सीलबंद डबा आणला. वर मला ऐकवलं, "कंपनी काय येडी हाय व्हय गुर्जी? त्यांनी लोडचा हिशोब काढूनच दिला आसंल."

कंपनीनं लोड काढला होता तो चिठ्ठ्या-पत्र्या टाइप करणाऱ्याचा. पुण्याच्या एका स्टुडिओनं पल्लवीला कळवलं, दीड मिनिटाची फिल्म करून महिनाअखेर पाठवा, आवडली तर नोकरी. तिच्या कॉम्प्युटरवर एक-एक चित्र तयार व्हायला आमच्या घरी पुरणपोळीला लागतो तेवढा वेळ लागायला लागला. अशी हजारो चित्रं हवी होती. तिनं चौकशी केली. ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल, आणि ते ओढायला आतला पॉवर सप्लाय पुरणार नाही, तोही मोठा टाकावा लागेल.

नानांना हे सांगितलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. पोरीच्या धंद्यातली पहिली गोष्ट त्यांना कळली होती!

"म्हंजे ट्रान्सफार्मर ल्हान पडतोय! मंग आसं सांग की!"

नगरच्या दुकानदाराला त्यांनी फोन लावला. तो म्हणाला, जुना अडीचशे वॅटचा आहे, साडेसहाशेचा टाका. नाना म्हणाले, "ते रनिंगचं झालं. स्टार्टिंगला किती ओढतंय?" त्याला सांगता येईना. मग नानांनी त्याला दहा मिनिटं शिकवलं.

सामान आलं. नानांच्या दुकानातल्या बाकावर, दोन जळक्या मोटारींच्या मधे, कॉम्प्युटर उघडा झाला. कार्डाचे पंखे बघून नाना म्हणाले, "येवढुसं कार्ड, त्याला दोन पंखे! लई तापट जात दिसती." कार्ड डब्यात दोन बोटं लांब पडत होतं. नानांनी आडवी येणारी पत्र्याची पट्टी करवतीनं कापली, कानशीनं घासली, वर बोट फिरवून पाहिलं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

पण कुठलीही वस्तू डायरेक्ट लायनीला लावायची नाही, हा नानांचा नेम. त्यांच्याकडे एक लाकडी बोर्ड आहे, त्यावर शंभरचा जुना बल्ब. करंट आधी बल्बातून जातो, मग वस्तूत. वस्तूत काही शॉर्ट असेल तर बल्ब भकभक पेटतो आणि वस्तू जळायची वाचते. याला ते सिरीज लावणं म्हणतात. कॉम्प्युटर सिरीजला लावला. पंखे अर्धी गिरकी फिरले आणि थांबले.

"सप्लाय खराब हाय," नाना म्हणाले.

पंधरा दिवस हेच चाललं. नाना एसटीनं नगरला गेले, दुकानदाराला चार शब्द सुनावले, सप्लाय बदलून आणला. पुन्हा सिरीज, पुन्हा अर्धी गिरकी, पुन्हा "ह्योबी खराब." दुकानदार कळवळून सांगत होता, अहो माझ्याकडे चालतोय. नाना म्हणत, "तुमच्या नगरची लाईन येगळी." पल्लवी रोज संध्याकाळी कॉम्प्युटर घरी नेऊन, जुनाच सप्लाय लावून, रात्रभर एक-एक चित्राची वाट बघत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

मला राहवेना. म्हटलं, "पोरी, दुसऱ्या कोणाला दाखव की."

"नको काका. मोटारीतलं जगात कुणाला कळत नाही ते नानांना कळतं. ते म्हणतात खराब आहे, म्हणजे खराबच असणार."

मुदत संपायला चार दिवस उरले होते. मी सकाळी नानांच्या दुकानात पेपर वाचत बसलो होतो. कॉम्प्युटर बाकावर, त्याची वायर त्या बल्बाच्या बोर्डात. तेवढ्यात देवळालीकडचा एक शेतकरी तणतणत आला. नानांनी भरून दिलेली मोटार घरी फिरतच नाही म्हणे. नानांनी चौकशी केली, तर त्यानं ऐकीव अकलेनं घरी बल्ब लावून मोटार तपासली होती.

नाना उसळलेच. "आरं शाण्या, सिरीजवर कवा मोटार फिरती का? समदा करंट तो बल्बच खातोय! शॉट हाय का न्हाई येवढं बघायचं आन् मंग डायरेक लावायची. शेंबडं पोरगंबी सांगंल!"

तो माणूस ओशाळून निघून गेला. मी पेपर खाली घेतला. मला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण मराठी कळतं. मी बाकावरच्या बोर्डाकडे बघितलं. नानांनीही बघितलं. आणि चाळीस वर्षांचा तो उस्ताद माणूस माझ्यापुढे वर्गात कॉपी करताना धरलेल्या पोरासारखा मान खाली घालून बसला.

"नाना, सप्लाय चांगला आहे ना?"

"चांगला हाय. पयलाबी चांगला हुता."

मला संताप आला. खरंच आला. "अहो, पोरीचे चार दिवस राहिलेत! ती तिकडे डोळे फोडून घेतेय आणि तुम्ही..."

"पयल्या दिशी खरंच टेस्टिंगला लावला हुता," नाना म्हणाले. "बल्बात शॉट दिसंना, समजलं का सामान ठीक हाय. आता फकस्त पिन काढून भितीतल्या प्लगात घालायची. पन हातच जाईना, गुर्जी. म्हनलं ह्ये चाललं का फिल्लम हुनार, फिल्लम झाली का पोरगी पुन्याला जानार. मंग म्हनलं उद्या लावू. मंग परवा." त्यांनी डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले. "ती गेल्यावं म्या बोलू कुनासंगं? ह्या मोटारींसंगं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझ्या घरी साडेसात एचपी आहे, दिवसभर आवाज असतो.

नाना उठले. बोर्डातली पिन काढली, कॉम्प्युटर पोटाशी धरला आणि घरी नेला. पल्लवीच्या टेबलावर ठेवून सगळं जोडलं, आणि पिन सरळ भिंतीच्या प्लगात घातली. पंखे फिरायला लागले आणि फिरतच राहिले. "नाना, चाललं!" पल्लवी ओरडली, आणि त्यांच्या गळ्यातच पडली. नाना म्हणाले, "कनेक्षन माजंच चुकलं हुतं." दुपारी नगरच्या दुकानदारालाही फोन करून त्यांनी तेच सांगितलं आणि माफी मागितली. खरं कारण मी आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

फिल्म गेली, आवडली, बोलावणं आलं. पल्लवीनं पुण्यात खोली घेतली आणि कॉम्प्युटर बरोबर न्यायचं ठरलं. जायच्या दिवशी सकाळी मी गेलो तर नाना अंगणात उकिडवे बसून, बारीक ब्रश घेऊन, डब्याच्या बाजूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं काही लिहीत होते. मोटार भरून झाली की तिच्यावर असंच लिहायची पद्धत आहे, मालकाचं नाव आणि गाव, म्हणजे दुकानात अदलाबदल होत नाही. डब्यावर नानांनी लिहिलं होतं : "पल्लवी. मु. पो. राहुरी. काही बिघडलं तर लगेच घरी आणणे."

पल्लवी बॅग घेऊन बाहेर आली. हसायला लागली, "नाना, हे काय, लोक काय म्हणतील!" मग तिनं ते पुन्हा एकदा वाचलं आणि काहीतरी विसरलंय म्हणून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

नानांनी ब्रश चिंधीला पुसला आणि मला विचारलं, "आक्षार बरं आलंय का, गुर्जी?"

"लई भारी आलंय, नाना," मी म्हटलं.